मरीन टॅंकमधलं शेवाळ आणि गोगलगायींची फौज: या चुका टाळा

माझा पहिला मरीन (खाऱ्या पाण्याचा) टॅंक 200 लिटरचा, डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या खिडकीला चिकटून, म्हणजे पहिली चूक तिथेच झालेली. तिसऱ्या महिन्यात दगडांवर हिरवे केस उगवले, दुकानात गेलो तर तिथला माणूस म्हणाला "क्लीनअप क्रू टाका सर, आठवड्यात चकाचक", म्हणजे शेवाळ आणि उरलंसुरलं खाणाऱ्या गोगलगायी, खेकडे वगैरे. एका गॅलनला एक गोगलगाय असा त्याचा हिशोब, 200 लिटर म्हणजे साधारण 53 गॅलन, मी घासाघीस करून 40 वर आलो आणि वर स्वतःला शहाणा समजलो. दोन आठवडे काच खरंच आरशासारखी झाली. मग खायला काही उरलं नाही, गोगलगायी वाळूवर पडायला लागल्या, मला वाटलं झोपल्यात, आणि एक दिवस झाकण उघडलं तर मच्छी मार्केटचा वास. अमोनिया चढलेला, आणि पुढच्या महिन्यात तेच हिरवे केस परत, आधीपेक्षा दाट.

तर सगळ्यात मोठा गैरसमज हा की गोगलगाय शेवाळ "काढते". काढत नाही हो, खाते आणि दुसऱ्या बाजूने सोडते, नायट्रेट फॉस्फेट (शेवाळाचं खत) बहुतेक पाण्यातच राहतं. केर काढून सोफ्याखाली ढकलल्यासारखं आहे ते. टॅंकच्या बाहेर काही जायचं असेल तर ते हाताने उपटून, स्किमरच्या (फेसातून घाण वेगळी करणारं यंत्र) कपातून, पाणी बदलून नाहीतर संपमध्ये (टॅंकखालची फिल्टरची टाकी) कीटो नावाचं शेवाळ मुद्दाम वाढवून ते दर काही दिवसांनी कापून फेकूनच जातं. जनावरं फक्त नवीन उगवणारं खुरटं ठेवतात.

म्हणून आधी माल येतोय कुठून ते बघा. आपल्याकडे नेहमीचा चोर म्हणजे प्यायच्या पाण्याचा आरओ. चव यावी म्हणून त्यात बऱ्याचदा मिनरल कार्ट्रिज असतं किंवा टीडीएस कंट्रोलर थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, मीटर 40-50 दाखवतो आणि आपण म्हणतो छान आहे की. पिण्यासाठी छानच आहे. मरीनला आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षारही शोषणारं कार्ट्रिज) लावून 0 पाहिजे, कारण रोज जे पाणी उडून जातं ते नुसतं पाणी जातं, त्यातलं बाकी सगळं टॅंकमध्ये साठत राहतं आणि टॉपअप करताना आपण रोज त्यात भर घालतो. टॅंकर किंवा बोअरचं पाणी असेल तर रेझिन भराभर संपतं, तेही लक्षात ठेवा. दुसरा चोर फ्रोझन खाणं, क्यूब आहे तसा टाकू नका, गाळणीत वितळवून ते पाणी फेकून द्या. लाइट टायमरवर 8-9 तास पुरतो, आणि खिडकीला पडदा (मी टॅंक हलवला, 200 लिटर रिकामं करून हलवायचं म्हणजे काय ते विचारू नका).

नायट्रेट-फॉस्फेटचं टेस्ट किट शून्य दाखवतंय आणि दगडावर गालिचा, असं झालं की लोक किटला शिव्या घालतात. किट बरोबर असू शकतं. पाण्यात आलेलं खत शेवाळच लगेच पिऊन टाकतंय, मग टेस्टला उरणार काय? शिवाय जुना दगड आत साठलेला फॉस्फेट हळूहळू सोडत असतो. आणि खरोखर शून्यावर नेऊन ठेवणं हीसुद्धा चूकच, तिथे डायनो (डायनोफ्लॅजेलेट, चिकट थर करणारे सूक्ष्मजीव) येतात. नायट्रेट 5-10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएमच्या आसपास राहिलं की मी पुढे छळत नाही.

जनावर घ्यायच्या आधी समोर काय उगवलंय ते ओळखा. नवीन टॅंकमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाळूवर चॉकलेटी पावडर दिसते ती डायटम, काही आठवड्यांत आपोआप जाते, तिच्यासाठी खरेदी नको. लालसर-जांभळी चिकट साय जी चादरीसारखी उचलली जाते ते सायनो (सायनोबॅक्टेरिया), ते शेवाळच नाही, बॅक्टेरिया आहे आणि भरवशाने ते खाणारं कुणी नाही, सायफनने ओढा, फ्लो वाढवा. आणि शेंबडासारखं चॉकलेटी, त्यात बुडबुडे, रात्री कमी होतं दुपारी परत, आणि गोगलगायी लुळ्या पडतायत, तर डायनोचा संशय घ्या, त्यातले काही विषारी असतात. अशा टॅंकमध्ये नवीन क्रू सोडणं म्हणजे पैसे आणि जीव दोन्ही पाण्यात.

हिरवे केस लांब झाले असतील तर बहुतेक गोगलगायी त्यांना तोंड लावत नाहीत, त्यांना पातळ थर आणि कोवळं लागतं. आधी बोटांनी उपटा, जुन्या टूथब्रशने घासा आणि घासताना शेजारी सायफन चालू ठेवा नाहीतर तुकडे टॅंकभर फिरतात. मग क्रू.

आता कोण घ्यायचं. नसॅरियस (हीसुद्धा गोगलगायच) शेवाळ खातच नाही, तो उरलेलं मटण-मासे खाणारा, वाळूतून सोंड काढून धावत येतो, मजा येते बघायला, पण शेवाळासाठी दहा नसॅरियस नेणारे लोक मी पाहिलेत. पेपरमिंट कोळंबी एप्टेशियासाठी (टॅंकमध्ये तणासारखं पसरणारं डंख मारणारं अ‍ॅनिमोन), शेवाळासाठी नाही. अ‍ॅस्ट्रिया चांगली खाते पण उलटी पडली की वाळूवर तिला सरळ होता येत नाही, रोज संध्याकाळी हात घालून सुलट्या करायच्या, मी कंटाळलो. ट्रोकस पडली तरी स्वतः सुलटते, म्हणून पैसे तिच्यावर घाला. सेरिथ वाळू आणि काचेच्या कोपऱ्यांसाठी. मेक्सिकन टर्बो राक्षसासारखी खाते, पण ती थंड पाण्याकडची, मे महिन्यात चिलर नसलेला टॅंक 30 ला गेला की सगळ्यात आधी तीच जाते, आणि जिवंत असेपर्यंत सैल दगड पाडते. हर्मिट क्रॅब गोंडस दिसतो, पण शंख आवडला तर आतल्या मालकिणीला मारून घर ताब्यात घेतो, रिकामे मोठे शंख टाकून ठेवले तर भांडणं कमी होतात, बंद होत नाहीत. बबल शेवाळाला एमराल्ड क्रॅब, त्याचं पोट रिकामं राहिलं की तो शेजाऱ्यांकडे बघायला लागतो. सी हेअर (बिनशंखाची दिसणारी मोठी समुद्री गोगलगाय) केसांचं जंगल काही दिवसांत साफ करते, मग उपाशी मरते, म्हणून घेतानाच पुढे कुणाच्या टॅंकला द्यायची ते ठरवा आणि वेव्हमेकरला (पाणी फिरवणारा पंखा) जाळी लावा, पंख्यात अडकली तर जांभळी शाई सोडते.

ट्रिगर किंवा पफर मासा पाळलाय का? मग हे सगळं विसरा, तो क्रू म्हणजे त्याचा नाश्ता.

तांब्याचं औषध मेन टॅंकमध्ये कधी घातलं असेल तर तेही आठवा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर ते चालतं, पण गोगलगायी, कोळंबी, खेकडे सगळे त्याने मरतात आणि दगडात मुरलेलं तांबं नंतरही सुटत राहतं. औषध वेगळ्या हॉस्पिटल टॅंकमध्येच.

मीठ वाचवायला नुसते मासे असलेल्या टॅंकमध्ये बरेच जण क्षारता (विशिष्ट गुरुत्वात मोजलेली) 1.020 वर ठेवतात. माशांना चालून जातं, गोगलगायींना 1.025 च्या आसपास लागते. पिशवीतून थेट सोडू नका, तास-दीड तास थेंब थेंब पाणी घालून सवय करा. सोडल्यावर दोन दिवस हललीच नाही तर उचलून वास घ्या, मेलेली असेल तर नाकाला लगेच कळतं.

गावी गेल्यावर कातळावरून फुकट गोगलगायी उचलून आणायचा मोह मलाही झालाय. भरती-ओहोटीच्या रेषेवरच्या गोगलगायींना पाण्याबाहेर चढायची सवय, सकाळी फरशीवर सापडतात. शिवाय त्यात दुसऱ्या गोगलगायींचे शंख भोकसून खाणाऱ्याही निघतात. आणि प्रवाळ किंवा समुद्री काकडी तर अजिबात उचलू नका, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली त्यांना संरक्षण आहे.

सध्या माझ्याकडे 200 लिटरला 5 ट्रोकस, 6 सेरिथ, 3 नसॅरियस एवढंच आहे, काच फारच स्वच्छ वाटली की नोरीचा (वाळवलेलं समुद्री शेवाळ) बिनमसाल्याचा तुकडा क्लिपला लावतो. मागची काच मी मुद्दाम घासत नाही, ते त्यांचं रेशन आहे. आई दर वेळी विचारते, मागे हिरवं का ठेवलंयस रे.