गळतीने घराचे नुकसान झाले तर गैरसोयीची भरपाई कशी मागावी

वरच्या सदनिकेत स्नानगृहाचे नूतनीकरण सुरू असते, कामगाराच्या छिन्नीने भिंतीतला पाइप फुटतो आणि दोन तासांत खालच्या घराच्या शयनगृहात छतातून पाणी ठिबकू लागते. अशा प्रसंगी वरचे सदनिकाधारक बहुधा गिलावा आणि रंग करून देण्यास तयार होतात व तेथे विषय मिटला असे समजतात. मात्र दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत खालच्या कुटुंबाने एका खोलीत दाटीवाटीने काढलेले दिवस, बाहेरून मागवलेले डबे, कामगारांसाठी घरी थांबावे लागल्याने बुडालेली रजा आणि ओलीच्या वासात झालेली वृद्धांची आबाळ यांचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडता येतो आणि मागताही येतो. मात्र दुरुस्तीचा खर्च आणि गैरसोय हे दोन स्वतंत्र दावे आहेत, हे पहिल्या पत्रापासून स्पष्ट ठेवावे लागते. हे मार्गदर्शन महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांमधील सदनिकाधारकांना समोर ठेवून केले आहे.

पहिल्या दिवशी करावयाची कामे

पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करणे, विजेचा मुख्य स्विच बंद करणे आणि सामान हलवणे ही कामे अर्थातच आधी. नुकसान वाढू न देण्याची काळजी घेणे कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे, कारण भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ खाली नुकसान ठरवताना गैरसोय दूर करण्याची कोणती साधने उपलब्ध होती याचा विचार होतो. गादी उचलून ठेवणे शक्य असताना ती आठवडाभर पाण्यात राहू दिली, तर तिची किंमत मागताना अडचण येणारच.

त्यानंतर लगेच संस्थेच्या सचिवांना लेखी कळवून, वरचे सदनिकाधारक आणि संस्थेचा एक प्रतिनिधी यांच्या उपस्थितीत संयुक्त पाहणी करून घ्यावी आणि तिच्या टिपणावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. कोणी सही करण्यास नकार दिला, तर तसा शेरा टिपणावर लिहून उपस्थित असलेल्या इतरांची सही घ्यावी. छायाचित्रे आणि चित्रफिती काढताना आधी संपूर्ण खोली आणि मग जवळून डाग, फुगलेले प्लायवूड, पोपडे असा क्रम ठेवावा. ज्या मोबाइलवर त्या घेतल्या तो शक्यतो बदलू किंवा विकू नये, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ उपकरण हाताशी असल्यास ते काम सोपे होते.

पाणी नेमके कोठून आले याबद्दल प्लंबरचे किंवा अभियंत्याचे लेखी मत घ्यावे. पावसाळ्यात हा मुद्दा हमखास वादाचा होतो, कारण वरचे शेजारी ‘ही बाहेरच्या भिंतीची ओल आहे’ असे म्हणतात आणि संस्था ‘ही स्नानगृहाची गळती आहे’ असे म्हणते. वरच्या घराचा पाणीपुरवठा काही काळ बंद ठेवून ठिबकणे थांबते का ते पाहणे किंवा वरच्या न्हाणीत रंगीत पाणी सोडून पाहणे, या दोन साध्या तपासण्यांनी पुष्कळदा हा वाद तेथेच संपतो. त्यांचा निष्कर्ष मात्र कागदावर यायला हवा.

दावा कोणाविरुद्ध करावयाचा

सर्वाधिक चुका येथे होतात. मागणी रास्त असूनही ती चुकीच्या दारात नेल्यामुळे वर्ष-दीड वर्ष वाया जाते.

नुकसान आपणच नेमलेल्या कंत्राटदाराने केले असेल, तर आपण त्याचे ग्राहक ठरता आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकता. आयोगाची अधिकारमर्यादा आणि शुल्क हे दोन्ही आपण मागितलेल्या भरपाईवर अवलंबून नसून सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर अवलंबून असतात. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते आणि तो ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तक्रार आपण राहता किंवा नोकरी-व्यवसाय करता त्या जिल्ह्यात करता येते, ती घटनेपासून दोन वर्षांत करावी लागते आणि त्यासाठी वकील नेमण्याची सक्ती नाही.

वरच्या सदनिकाधारकांशी मात्र आपला असा व्यवहार नसतो. त्यांनी आपल्याला कोणतीही सेवा विकलेली नाही आणि त्यांचा कंत्राटदारही आपला नाही, म्हणून ग्राहक आयोगाचा मार्ग तेथे बंद आहे. येथे निष्काळजीपणा आणि उपद्रव या कारणांवर दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा करावा लागतो. नोटीस सदनिकाधारक आणि कंत्राटदार या दोघांनाही द्यावी, म्हणजे जबाबदारी एकमेकांवर ढकलण्याचे काम ते आपापसात करतील आणि आपल्याला त्यात पडावे लागणार नाही.

गळती सामाईक पाइपातून किंवा बाहेरच्या भिंतीतून असेल, तर आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार) ती दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते. शौचालय, मोरी, सिंक अशा सदनिकेच्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदस्याचा असतो. आपल्या संस्थेने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत काढून तो परिच्छेद पत्रात उद्धृत करावा. संस्था दाद देत नसेल, तर तिच्या कारभाराशी निगडित वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात नेता येतो.

इमारत नवी असेल, तर आधी ताबा घेतल्याची तारीख पाहावी. रेरा कायद्याच्या (स्थावर संपदा नियमन व विकास अधिनियमाच्या) कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांत संरचनेतील, कारागिरीतील किंवा दर्जातील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो आणि त्याने तसे न केल्यास भरपाई मागता येते. फुटलेली जलवाहिनी महानगरपालिकेची असेल, तर मुदतीबाबत विशेष सावध राहावे लागते: मुंबईसाठी १८८८ च्या अधिनियमाचे कलम ५२७ आणि इतर महानगरपालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमाचे कलम ४८७ यांनुसार दाव्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस आवश्यक असते आणि दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.

विमा असेल तर

१ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पाण्याच्या टाक्या व पाइप फुटून झालेल्या नुकसानीचा समावेश आहे आणि इमारतीचा विमा असल्यास, घर राहण्यायोग्य नसेल तेवढ्या काळातील पर्यायी निवासाच्या भाड्याचीही तरतूद आहे. मनस्तापाबद्दल विमा कंपनी काही देत नाही, परंतु भाड्याची ही तरतूद बऱ्याच पॉलिसीधारकांच्या लक्षातच येत नाही. कंपनीला तातडीने कळवावे आणि सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत खराब झालेले सामान टाकून देऊ नये. शिवाय कंपनीला कळवल्यावाचून शेजाऱ्यांना ‘आता काही येणे नाही’ असे लिहून देऊ नये, कारण भरपाई दिल्यावर त्यांच्याकडून ती वसूल करण्याचा हक्क कंपनीकडे जातो आणि तो आपण परस्पर सोडून दिला असल्यास कंपनी आपलाच दावा अडवू शकते. कंपनीने दावा नाकारला किंवा लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येते.

गैरसोयीची रक्कम कशी ठरवावी

तक्रारींच्या शेवटी ‘मानसिक व शारीरिक त्रासापोटी पाच लाख रुपये’ असे एक वाक्य ठोकून देण्याची पद्धत पडली आहे. माझ्या मते ते वाक्य आपल्या उरलेल्या दाव्याचेही वजन कमी करते. सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या प्रकरणात ग्राहकाला झालेल्या मनस्तापाची भरपाई मान्य केली. पुढे २००४ मध्ये गाझियाबाद विकास प्राधिकरण विरुद्ध बलबीर सिंग या प्रकरणात, भरपाई सरसकट एकाच दराने न देता प्रत्येक प्रकरणातील प्रत्यक्ष हानी पाहून ठरवावी, असे सांगितले. म्हणजे त्रास झाला हे सांगणे पुरेसे नसून तो किती झाला हे दाखवावे लागते.

त्यासाठी पहिल्या दिवसापासून रोजची नोंद ठेवावी: कोणती खोली बंद होती, पाणी किती तास नव्हते, कोण कोठे झोपले, कामगार येतो म्हणून आला नाही तो दिवस कोणता. घरात आजारी व्यक्ती, तान्हे मूल किंवा दहावी-बारावीचा विद्यार्थी असेल, तर तेही लिहावे. लॉजचे बिल, डब्याच्या पावत्या, धुलाई, रिक्षाभाडे आणि कार्यालयाकडून रजेचा दाखला ही खर्चाची बाजू झाली आणि ती रुपयांत तंतोतंत मांडता येते.

ज्याची पावती नसते त्या त्रासासाठी भाड्याचा आधार घेणे मला सर्वांत पटण्याजोगे वाटते. समजा आपल्यासारख्या सदनिकेचे परिसरातील भाडे दरमहा ३०,००० रुपये आहे आणि घराचा एक तृतीयांश भाग ४० दिवस वापरता आला नाही, तर दरमहा १०,००० या दराने १३,३३३ रुपये होतात. नातेवाइकांकडे राहून आपण भाडे वाचवले असले, तरी आपले घर आपल्याला वापरता आले नाही ही हानी उरतेच. या रकमेवर मनस्तापापोटी माफक रक्कम वेगळी मागावी आणि ती का मागितली हे दोन वाक्यांत सांगावे.

पत्र आणि तडजोड

पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे, ईमेलही करावा आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्यावेत. भाषा साधी ठेवावी. शेजाऱ्यांना उद्या त्याच जिन्यात भेटायचे आहे. मजकूर असा असू शकेल:

‘आपल्या सदनिकेतील कामादरम्यान पाइप फुटल्यामुळे आमच्या घराचे झालेले नुकसान संयुक्त पाहणीच्या टिपणात नोंदवलेले आहे. दुरुस्तीच्या खर्चाचे अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. याव्यतिरिक्त, शयनगृह व स्नानगृह वापरता न आल्यामुळे आम्हाला सोसावा लागलेला जादा खर्च आणि गैरसोय यांचा तारखेनुसार तपशील परिशिष्टात दिला आहे. दोन्ही रकमा स्वतंत्रपणे मागितल्या असून, केवळ दुरुस्ती करून दिल्याने गैरसोयीची मागणी संपुष्टात येणार नाही.’

शेवटचे वाक्य गाळू नये. दुरुस्ती संपल्यावर कंत्राटदार जी पावती पुढे करतो, तिच्यावर अनेकदा ‘संपूर्ण व अंतिम’ असे छापलेले असते. गैरसोयीची रक्कम मिळाली नसेल, तर सही करताना ‘केवळ दुरुस्तीपुरते, इतर हक्क राखून’ असे स्वतःच्या हाताने लिहावे. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे संस्थेच्या कार्यालयात बसून मिटतात आणि तसे होत असेल, तर मागितलेल्या रकमेपेक्षा थोडे कमी स्वीकारून वेळ वाचवणे शहाणपणाचे ठरते. तडजोडीच्या कागदात रक्कम, ती देण्याची तारीख, वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षांची आणि त्या मुदतीत पुन्हा गळती झाल्यास नव्याने मागणी करण्याचा आपला हक्क या चार गोष्टी असाव्यात, आणि त्याची एक प्रत संस्थेच्या दप्तरी जमा करून पोच घ्यावी.