मेमरी कार्ड घेताना कोणता आकडा पाहावा

मेमरी कार्ड घ्यायला गेलेल्या ग्राहकाला दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती जीबीचे देऊ?’ हा. वास्तविक हा प्रश्न बराच नंतर यायला हवा. कार्ड कोणत्या उपकरणात बसणार आहे, ते त्या उपकरणाला ओळखता येईल का, आणि त्यावर दर सेकंदाला किती माहिती न थांबता लिहिली जाणार आहे, हे आधी ठरले की जीबीचा हिशेब पाच मिनिटांत होतो. उलट क्रमाने गेलेला ग्राहक बहुधा गरजेपेक्षा महाग कार्ड घेतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, चित्रीकरण मध्येच थांबवणारे कार्ड घरी आणतो.

आधी उपकरण, मग कार्ड

सुरुवात उपकरणाच्या माहितीपुस्तिकेपासून करावी. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर ती सहसा मिळते. त्यात कार्डाचा प्रकार, कमाल क्षमता आणि व्हिडिओच्या प्रत्येक दर्जासाठी लागणारा किमान वेगवर्ग (सतत लिहिण्याच्या किमान वेगाची हमी देणारी खूण) या तीन गोष्टी शोधाव्यात. कॅमेऱ्यांत चालणारे पूर्ण आकाराचे एसडी कार्ड ३२ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असते, तर मोबाइल, ड्रोन, डॅशकॅम (गाडीच्या काचेला लावायचा कॅमेरा) आणि घरच्या वायफाय कॅमेऱ्यात बसणारे मायक्रोएसडी नखाएवढे, म्हणजे १५ बाय ११ मिलिमीटरचे असते. मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये घालून मोठ्या कॅमेऱ्यात वापरता येते आणि अडीअडचणीला ते ठीकही आहे. पण अडॅप्टरमुळे जोडणीची आणखी एक जागा वाढते आणि ती सैल झाली की कॅमेरा ऐन वेळी ‘कार्ड नाही’ असे सांगतो. म्हणून कॅमेऱ्यासाठी पूर्ण आकाराचेच कार्ड घ्यावे.

क्षमतेनुसार एसडी कार्डांच्या चार पिढ्या आहेत: २ जीबीपर्यंतचे साधे एसडी, त्यापुढे ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी, २ टीबीपर्यंत (१ टीबी म्हणजे १,००० जीबी) एसडीएक्ससी आणि १२८ टीबीपर्यंतची तरतूद असलेले एसडीयूसी. नवे उपकरण आधीच्या पिढीचे कार्ड चालवते, मात्र जुने उपकरण पुढच्या पिढीचे कार्ड चालवत नाही. हा मुद्दा केवळ इतिहासजमा झालेला नाही, कारण जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची हौस सध्या तरुणांमध्ये पुन्हा दिसते आहे आणि कपाटातून बाहेर काढलेल्या वीस वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचे नवे कोरे कार्ड घालून ‘कॅमेरा बिघडला’ असा निष्कर्ष काढणारे कमी नाहीत. एसडीएक्ससी हे मानक २००९ मध्ये जाहीर झाले. त्याआधीच्या कॅमेऱ्याला ३२ जीबीपर्यंतचे आणि फारच जुन्या कॅमेऱ्याला २ जीबीचे कार्ड द्यावे.

कार्डावरच्या खुणा

कोणत्याही नामांकित कंपनीचे १२८ जीबीचे कार्ड हातात घेऊन पाहावे. त्यावर ठळकपणे छापलेला आकडा, समजा २००, हा बहुतेक वेळा वाचनाचा कमाल वेग असतो; म्हणजे फोटो संगणकावर उतरवून घेताना, अनुकूल परिस्थितीत, दर सेकंदाला २०० एमबीपर्यंत माहिती बाहेर येईल एवढेच कंपनी म्हणते. कॅमेऱ्याला मात्र गरज असते ती लिहिण्याच्या वेगाची, तीही कमाल नव्हे तर किमान वेगाची, कारण व्हिडिओची माहिती सतत येत राहते आणि कार्ड क्षणभर जरी मागे पडले तरी चित्रीकरण तुटते. शिवाय कार्ड आणि उपकरण यांच्यातल्या यूएचएस-वन या जोडणीची मानकानुसार मर्यादाच दर सेकंदाला १०४ एमबी आहे. त्यापुढचे दावे कंपनीच्या स्वतःच्या क्लृप्तीवर उभे असतात आणि तिला साथ देणारा कार्ड रीडर नसेल तर तो २०० चा आकडा वेष्टनावरच राहतो.

किमान वेगाची हमी त्याच कार्डाच्या कोपऱ्यात, बारीक खुणांमध्ये असते. इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १० असेल तर सतत लिहिण्याचा किमान वेग सेकंदाला १० एमबी. यू अक्षराच्या पोटात १ असेल तरीही १०, आणि ३ असेल तर ३०. व्ही अक्षरापुढचा आकडा तर सरळच असतो: व्ही३० म्हणजे ३०, व्ही६० म्हणजे ६० आणि व्ही९० म्हणजे ९० एमबी. एकाच कार्डावर सी१०, यू३ आणि व्ही३० अशा तिन्ही खुणा असल्या तर सर्वांत मोठी हमी धरावी. याखेरीज रोमन लिपीतला एक किंवा दोन असा एक सुटा आकडा दिसतो. तो वेगवर्ग नसून जोडणीचा प्रकार आहे, म्हणजे यूएचएस-वन किंवा यूएचएस-टू. यू३ आणि यूएचएस-टू यांची गल्लत विक्रेतेही करतात, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता स्वतः वाचावे. यूएचएस-टू कार्ड उलटे करून पाहिले तर सोनेरी पट्ट्यांची दुसरी ओळ दिसते. ती नसेल तर ते यूएचएस-टू नाही.

आता कॅमेऱ्याच्या बाजूचा हिशेब. कॅमेरा व्हिडिओचा प्रवाह मेगाबिटमध्ये सांगतो आणि कार्ड आपला वेग मेगाबाइटमध्ये. कॅमेऱ्याच्या आकड्याला ८ ने भागले की दोन्ही एका मापात येतात. फोर-के चित्रीकरण १०० मेगाबिटने होत असेल तर कार्डावर सेकंदाला साडेबारा एमबी जातात आणि २०० मेगाबिटने होत असेल तर २५. म्हणजे दोन्हींना व्ही३० पुरते. ४०० मेगाबिटच्या चित्रीकरणाला ५० एमबी लागतात, तेथे व्ही६० हवे; ६०० मेगाबिटला ७५ लागतात, तेथे व्ही९०. घरगुती समारंभ, सहली आणि यूट्यूबसाठी चित्रीकरण करणाऱ्या बहुसंख्य लोकांचे काम व्ही३० मध्ये भागते, आणि त्यांना व्ही९० गळ्यात मारणे हा शुद्ध व्यापार आहे. काही कॅमेरे मात्र हिशेबात पुरेसे असलेले कार्डही नाकारतात आणि ठरावीक वेगवर्गाची खूण असल्याशिवाय वरच्या दर्जाचे चित्रीकरण सुरूच करत नाहीत. अशा वेळी माहितीपुस्तिकेत लिहिलेले प्रमाण मानावे.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी

महागड्या कार्डाचा खरा उपयोग दिसतो तो सलग फोटो काढताना. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाणलोटात होडीत बसून फ्लेमिंगोंचा थवा उडण्याची वाट पाहणारा छायाचित्रकार थवा उठला की बटण दाबून धरतो. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ, फाइल ३० एमबीची धरली आणि कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढत असेल, तर दर सेकंदाला ३०० एमबी माहिती तयार होते. एवढी माहिती त्याच गतीने एसडी कार्डावर उतरू शकत नाही, म्हणून ती आधी कॅमेऱ्याच्या अंतर्गत स्मृतीत, ज्याला सगळे बफर म्हणतात, तेथे साठते आणि तेथून कार्डावर जाते. बफर भरला की कॅमेरा अडखळू लागतो. साठलेले शंभर फोटो, म्हणजे ३,००० एमबी, ८० एमबीच्या वेगाने लिहिणाऱ्या कार्डावर उतरायला साडेसदतीस सेकंद लागतात; २४० एमबीने लिहिणाऱ्या यूएचएस-टू कार्डावर तेच काम साडेबारा सेकंदांत उरकते. तोवर दुसरा थवा उठलेला असू शकतो.

मात्र हा फायदा कॅमेऱ्याची खाच यूएचएस-टू असेल तरच मिळतो. यूएचएस-वन खाचेत तेच महाग कार्ड बिनतक्रार चालते, पण यूएचएस-वनच्याच वेगाने. काही कॅमेऱ्यांत एक खाच यूएचएस-टू आणि दुसरी यूएचएस-वन असते. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी प्रत ठेवण्याची सोय सुरू केली की संथ खाच सगळ्या कामाला आपल्या चालीने चालवते. रॉऐवजी जेपेगमध्ये फोटो काढणाऱ्याला, किंवा एका वेळी एकच फोटो काढणाऱ्याला, या परिच्छेदाकडे दुर्लक्ष करता येईल.

वरच्या श्रेणीतील कॅमेऱ्यांत सीएफएक्सप्रेस नावाची कार्डे येतात. सोनीच्या कॅमेऱ्यांत टाइप-ए आणि निकॉन व कॅनन यांच्या वरच्या श्रेणीत टाइप-बी असा साधारण शिरस्ता आहे, आणि ही दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. त्यांचा रीडरही वेगळा घ्यावा लागतो. तो खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.

किती जीबी

१०० मेगाबिटने एक तास चित्रीकरण केले तर ४५ जीबी जागा लागते. १२८ जीबीच्या कार्डावर त्यामुळे पावणेतीन तासांच्या आसपास चित्रीकरण बसते. हे कार्ड विंडोज संगणकावर सुमारे ११९ जीबीचे दिसते, ती फसवणूक नव्हे. कंपनी १,००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या, एवढाच तो फरक. २ जीबीहून मोठ्या पण ३२ जीबीपर्यंतच्या कार्डावर फॅट-३२ ही फायली मांडण्याची जुनी रचना असते व तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, त्यामुळे लांब व्हिडिओचे तुकडे पडतात. तेही बिघाडाचे लक्षण नाही.

एकच मोठे कार्ड घ्यावे की दोन लहान, यावर छायाचित्रकारांत मतभेद आहेत. हौशी माणसाने दिवसभर कार्डे बदलत बसण्यापेक्षा एक चांगले कार्ड घ्यावे असे माझे मत आहे, कारण लहान कार्डे खिशातून पडणे आणि घाईत चुकीचे कार्ड फॉरमॅट होणे हे धोके कार्ड बिघडण्याइतकेच खरे आहेत. लग्नाचे काम घेणाऱ्याला मात्र ही मोकळीक नाही. अंतरपाट दूर होऊन अक्षता पडतात तो क्षण पुन्हा घ्या असे भटजींना सांगता येत नाही. त्याने दोन खाचांचा कॅमेरा वापरून दोन्ही कार्डांवर एकाच वेळी प्रत ठेवावी, आणि दोन्ही कार्डे सारख्या वेगाची घ्यावीत.

डॅशकॅम आणि घराबाहेरचा कॅमेरा

येथे वेगाची अडचण जवळजवळ नसते. अडचण झिजेची असते. कार्डातली प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसून लिहिता येते. हौशी कॅमेऱ्यात ही मर्यादा गाठायला कित्येक वर्षे जातात, पण डॅशकॅम गाडी चालू असेपर्यंत आणि वायफाय कॅमेरा चोवीस तास लिहीत असतो व जागा संपली की सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावरच पुढचे लिहितो. २ मेगाबिटने चालणारा साधा वायफाय कॅमेरासुद्धा दिवसाला २१ जीबीहून अधिक लिहितो, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड तीन दिवसांत एकदा संपूर्ण भरून पुन्हा लिहिले जाते. या कामासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ असे छापलेली कार्डे मिळतात आणि त्यांवर किती तासांचे चित्रीकरण सोसेल हेही बहुधा दिलेले असते. साध्या कार्डांच्या वॉरंटीतून असा सततचा वापर अनेकदा वगळलेला असतो, तो मजकूर खरेदीपूर्वी वाचावा. याच कामासाठी ६४ ऐवजी १२८ जीबीचे कार्ड घेतले तर प्रत्येक पेशीवर लिहिण्याची पाळी निम्म्या वेळा येते आणि आयुष्य साधारण दुप्पट होते. येथे जास्त जीबी घेण्याचे हे खरे कारण आहे.

चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काचेला चिकटलेला डॅशकॅम किती तापतो, हे त्याला हात लावणाऱ्याला ठाऊक असते. एसडी कार्डे ८५ अंश सेल्सिअसपर्यंत चालतील अशी बनवलेली असतात, पण उष्णतेने झीज वाढते. डॅशकॅमचे चित्रण महिन्यातून एकदा उघडून पाहावे. कार्ड बिघडल्याचे अपघातानंतर कळले तर त्याचा उपयोग नाही.

मोबाइल, टॅब आणि खेळाची यंत्रे

मोबाइलमध्ये कार्डावर अ‍ॅप ठेवायचे असतील तर ए१ किंवा ए२ ही खूण पाहावी. ती छोट्या-छोट्या तुकड्यांतले वाचन-लेखन किती चपळ आहे हे सांगते. केवळ फोटो आणि गाणी साठवायची असतील तर तिची गरज नाही. कार्डाची खाच मुळात आहे का, की दुसऱ्या सिमच्याच जागी कार्ड घालावे लागते, हे आधी पाहावे. २०२५ मध्ये आलेल्या निंटेंडो स्विच २ वर खेळ साठवण्यासाठी मायक्रोएसडी एक्सप्रेस हेच कार्ड लागते. नेहमीचे मायक्रोएसडी त्यात बसते, पण खेळ त्यावर ठेवता येत नाहीत.

खरेदी आणि पहिली तपासणी

नकली कार्डांचा सुळसुळाट इतका आहे की वरचा सगळा अभ्यास एका चुकीच्या दुकानात वाया जाऊ शकतो. नकली कार्डात आतली चिप असते १६ जीबीची, पण तिला आपण ५१२ जीबीची आहोत असे खोटे सांगायला लावलेले असते. संगणकात कार्ड घातले की ५१२ दिसतात, पहिले काही फोटो नीट उघडतात आणि खरी जागा संपल्यावर पुढच्या फायलींची नुसती नावे राहतात, आत काहीच नसते. अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर कार्ड घ्यावे. ऑनलाइन खरेदीत संकेतस्थळाच्या नावाबरोबर प्रत्यक्ष विक्रेत्याचे नावही पाहावे, कारण एकाच संकेतस्थळावर अनेक विक्रेते असतात.

कार्ड आणल्यावर त्यावर कामाचे काहीही टिपण्यापूर्वी ते रिकामे असतानाच तपासावे. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्स व मॅकवर ‘एफ३’ हे मोफत प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेले सगळे पुन्हा वाचून पडताळतात. मोठ्या कार्डाला यासाठी तासाहून अधिक वेळ लागू शकतो. तेवढा वेळ द्यावा आणि परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीच द्यावा. त्यानंतर कार्ड ज्या कॅमेऱ्यात वापरायचे त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे, आणि पुढेही फोटो संगणकावर व आणखी एका डिस्कवर उतरवल्यानंतर दर वेळी तेथेच करावे.

चुकून फोटो पुसले गेले तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नये. ते ताबडतोब बाहेर काढून, पूर्ण आकाराचे असेल तर त्याच्या कडेची छोटी कडी ‘लॉक’कडे सरकवून ठेवावी आणि पुढचे काम दुसऱ्या कार्डावर करावे. पुसलेल्या फायलींची माहिती तिच्यावर काही नवे लिहिले जाईपर्यंत बहुधा जागेवरच असते. ‘फोटोरेक’सारख्या मोफत प्रोग्रामने ती परत मिळवता येते, फक्त परत मिळवलेले फोटो त्याच कार्डावर न साठवता संगणकाच्या डिस्कवर साठवावेत.