पसंतीक्रमाने गटाचा अध्यक्ष कसा निवडावा

शेतकरी गटात अध्यक्षपदाला चार जण उभे राहतात, मतं फुटतात आणि निम्म्याहून जास्त सभासदांना नको असलेला माणूस निवडून येतो. मग रुसवेफुगवे, बैठकीला अर्धी सतरंजी रिकामी. ते टाळायचं तर पसंतीक्रमाने मतदान घ्या. आपल्या नागपूर-अमरावतीकडचे पदवीधर आणि शिक्षक मतदार विधान परिषदेला जांभळ्या स्केचपेनने १, २, ३ लिहितात, तीच ही पद्धत.

चिठ्ठीवर उमेदवारांच्या निशाण्या काढा. समजा तिफण, डवरा, घागर, सूप. सर्वांत आवडत्यापुढे १, तो नाही तर कोण, त्याच्यापुढे २, असं लिहायचं. बरोबरची खूण चालत नाही. १ नसेल किंवा दोघांपुढे असेल तर चिठ्ठी बाद. पुढचे आकडे ऐच्छिक, पण जरूर लिहायला सांगा. २ लिहिल्याने आपला १ नंबरचा माणूस पडेल ही भीती खोटी आहे. तो शर्यतीत असेपर्यंत २ कोणी पाहतच नाही.

आता सगळ्यांसमोर चार टोपल्या मांडा आणि १ प्रमाणे चिठ्ठ्या टाका. वैध चिठ्ठ्या ४१, म्हणजे जिंकायला निम्म्याहून जास्त, २१ हव्यात. तिफण १६, डवरा १३, घागर ८, सूप ४. कोणीच २१ वर नाही, म्हणून सर्वांत कमी चिठ्ठ्यांचं सूप बाद. त्याच्या चार चिठ्ठ्यांवरचा २ पाहा: तीन घागरीला, एक डवऱ्याला. तिफण १६, डवरा १४, घागर ११.

आता घागर बाद. इथे घाई करू नका, एकेक चिठ्ठी उलगडून वाचा. एकीवर घागर १, सूप २, डवरा ३ आहे. सूप आधीच गेलं, म्हणून ही चिठ्ठी डवऱ्याची. अशा सात डवऱ्याकडे गेल्या, दोन तिफणीकडे. दोन चिठ्ठ्यांवर पुढचा आकडाच नव्हता, त्या बाजूला. डवरा २१, तिफण १८. साध्या मतदानात तिफण जिंकली असती.

१९६९ ला राष्ट्रपतिपदाचा निकालही असाच लागला. तिथे खासदार-आमदारांच्या प्रत्येक मताला ठरावीक वजन असतं, ते मतमूल्य. जिंकायला ४,१८,१६९ मतमूल्य हवं होतं, व्ही. व्ही. गिरींना पहिल्या पसंतीचं ४,०१,५१५ मिळालं. पुढच्या पसंत्या मोजल्यावर ते ४,२०,०७७ वर गेले.

एक उणीव मात्र आहे: सगळ्यांचा २ नंबरचा, पण १ कमी मिळालेला भला माणूस पहिल्याच फेरीत बाद होऊ शकतो. आणि तळाला दोघं सारखे निघाले तर कोणाला काढायचं, हे चिठ्ठ्या वाटण्याआधीच ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवा.