एमएनडीत श्वासाकडे लक्ष कसं ठेवायचं
एमएनडीत, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये, स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसपेशी मरत जातात, मग हातपाय वाळतात हे सगळ्यांना दिसतं, पण छातीखालचा श्वास ओढणारा पडदा पण स्नायूच आहे ना, तो कमजोर होतो ते लवकर कळतच नाही. आमच्या बाबांचं सकाळी डोकं दुखायचं, दिवसभर पेंग, आडवं झालं की दम, आणि आम्ही म्हणायचो वय झालं! असं दिसलं की न्यूरोवाल्यांना सांगून फुफ्फुसाच्या डॉक्टरांकडे जा, स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजायची चाचणी) बसून आणि झोपून दोन्ही करा. क्षमता अपेक्षित आकड्याच्या ५० टक्क्यांखाली गेली की सहसा रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून हवा आत ढकलणारं मशीन, लावतात, त्रास असेल तर आधीही. मास्कची सवय दुपारी टीव्ही बघता बघता करा. आणि प्लीज, स्वतःच्या मनाने ऑक्सिजन सिलेंडर आणू नका, इथे अडचण हवा आतबाहेर ढकलायची आहे, नुसत्या ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जाऊ शकतो. झोपताना डोक्याकडची बाजू उंच. व्यायाम हलका, दमेपर्यंत नको, फिजिओला विचारूनच. वजन मात्र उतरू देऊ नका, वरणभातावर तूप सढळ हाताने, गिळताना ठसका लागायला लागला तर थेट पोटात अन्न देणाऱ्या नळीबद्दल श्वास बरा आहे तोवरच बोलून घ्या, नंतर ती टाकणं जास्त जोखमीचं होतं.