मिशिगनमध्ये नवीन आलात? जुनी मोठी अमेरिकन सेडान घ्यायच्या आधी हे वाचा

कॅमरी घ्या नाहीतर अकॉर्ड घ्या, हे तुम्हाला विमानात बसायच्या आधीच पाच जणांनी सांगितलेलं असणार. सल्ला वाईट नाहीये. पण ट्रॉय, नोवाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स या पट्ट्यात नवीन आलेली सगळी पोरं त्याच दोन गाड्यांच्या मागे लागतात, आणि मग दीड लाख मैल पळालेली, तीन मालक बघितलेली कॅमरी अशा भावात घेतात की तेवढ्याच पैशात दोन घरं सोडून एखाद्या आजोबांची जेमतेम निम्मे मैल झालेली ब्यूक विकायला उभी असते. तिच्याकडे कोणी बघत नाही कारण ग्रुपवर कोणी तिचं नाव घेतलेलं नसतं. आपल्या लोकांचं हे एक आहेच, स्वतः कधी न चालवलेल्या गाडीबद्दल ठाम मत असतं. "अमेरिकन गाडी? वेडा आहेस का?" असं म्हणणाऱ्याला विचारा की बाबा कुठली, कुठल्या वर्षाची, कुठलं इंजिन, गप्प बसतो.

या गाड्या स्वस्त का मिळतात तर अमेरिकन लोकांना आता सगळ्यांना एसयूव्ही पाहिजे. फोर्डची टॉरस २०१९ ला बंद झाली, शेव्हरलेची शेवटची इम्पाला २०२० मध्ये इथल्याच डेट्रॉईट-हॅमट्रॅमॅक प्लांटमधून बाहेर पडली, क्रायस्लर ३०० आणि डॉजची जुनी चार्जर २०२३ ला संपल्या, फोर्डचीच क्राऊन व्हिक्टोरिया तर २०११ लाच. बंद पडलेली गाडी म्हणजे पार्ट मिळणार नाहीत असं आपल्याला वाटतं, पण इथे तसं नाही. पोलीस, टॅक्सी, रेंटल सगळीकडे या हजारोंनी गेल्यात, जंकयार्डमध्ये रांगा लागलेल्या असतात आणि गल्लीतल्या मेकॅनिकला त्या तोंडपाठ असतात.

आकाराचं सांगायचं तर इम्पाला १६-१७ फूट लांब आहे, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पहिला आठवडा घाम फुटेल, मग सवय होते. पण डिकी! इम्पालाची १८.८ क्युबिक फूट, टॉरसची २०.१. आई-बाबा पहिल्यांदा येतात तेव्हा चार मोठ्या बॅगा, वर लोणच्याची बरणी ठेवलेली ती हॅंडबॅग, आणि एअरपोर्टवर दुसरी गाडी बोलवावी लागत नाही. २०१३ पर्यंतच्या इम्पालाला तर पुढे अख्खा बाक असलेली सीट मिळायची, सहा जण बसतात. पेट्रोलचं, म्हणजे इथलं गॅस, हायवेला गॅलनला २८ मैलांच्या आसपास व्ही६ इम्पाला देते. क्राऊन व्हिक शहरात १६ देते, रोज लांब जायचं असेल तर विसरा.

आता कुठली घ्यायची. माझी आवड उघड आहे, ब्यूक. २००५ पर्यंतची लेसेबर आणि त्यानंतरची लुसर्न, २००८ पर्यंत तिच्यात ३.८ लिटरचं जुनं व्ही६ इंजिन मिळायचं, त्याला इथे सगळे थर्टी-एट-हंड्रेड म्हणतात. लोखंडी, साधं, तेल बदलत राहिलात तर संपतच नाही. त्याचा एकच आजार, कूलंटचे प्लॅस्टिकचे एल्बो तडकतात आणि जुन्यांमध्ये वरचा प्लॅस्टिकचा इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग. स्वस्तातलं काम आहे पण झालंय का ते विचारा, आणि झालं असेल तर बिल दाखव म्हणा. पण वय बघा, या गाड्या आता वीस वर्षांच्या आसपास आल्यात.

थोडी नवीन हवी असेल तर २०१४ पासूनची इम्पाला, ३.६ व्ही६ वाली. २०१३ मध्ये गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या कन्झ्युमर रिपोर्ट्स मासिकाने तिला सेडानमध्ये पहिला नंबर दिला होता, निदान वीस वर्षांत अमेरिकन सेडानला तो पहिल्यांदाच मिळाला. फक्त एक गोंधळ आहे, २०१४ ते २०१६ मध्ये जुन्या बॉडीची इम्पालासुद्धा "इम्पाला लिमिटेड" नावाने बनत होती, ती फक्त फ्लीटला, म्हणजे रेंटल आणि सरकारी खात्यांना विकायची. जाहिरातीत "२०१५ इम्पाला" एवढंच लिहिलेलं असतं, फोटो नीट बघा.

टॉरस दिसायला भारदस्त, आतून शांत. पण तिच्या ३.५ लिटर इंजिनाचा वॉटर पंप इंजिनाच्या आत आहे, टायमिंग चेनवर फिरतो. तो गळायला लागला की कूलंट तेलात जायचा धोका, आणि तेलात गेलं की बेअरिंग संपली. नुसता पंप बदलायलाही अर्धं इंजिन उघडावं लागतं, पार्ट स्वस्त, मजुरी भरमसाट. लाख मैलांच्या पुढची टॉरस बघत असाल तर पंप बदललाय का हा पहिला प्रश्न, आणि तेलाचं झाकण उघडून आत दुधाळ काही दिसलं तर गोड बोलून घरी या. ऑल-व्हील-ड्राइव्ह असेल तर पीटीयूचं, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद पोचवणाऱ्या गिअरच्या डब्याचं, तेल कधी बदललं तेही विचारा, बहुतेकांना पीटीयू म्हणजे काय तेच माहीत नसतं, म्हणजे उत्तर मिळालं.

चार्जर आणि ३००. पोरांना याच पाहिजे असतात, मला माहीत आहे. २०१० पर्यंतच्या २.७ लिटर इंजिनच्या अजिबात नकोत, आत तेलाचा गाळ होतो. २०११ पासूनचं ३.६ चांगलं आहे, पण पहिल्या दोन-तीन वर्षांच्या गाड्यांना डाव्या सिलिंडर हेडचा त्रास होता, कंपनीने त्यासाठी वॉरंटीही वाढवली होती. थंड इंजिन चालू करा आणि टिकटिक ऐका. आणि २००५ ते २०१० मधली कुठलीही असेल तर टाकाटाच्या सदोष एअरबॅगचा रिकॉल, म्हणजे कंपनीने परत बोलावून बदलून देणं, झालाय का ते व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून एनएचटीएसए या सरकारी रस्ता-सुरक्षा खात्याच्या साइटवर बघा, गाडीच्या कंपनीने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की एअरबॅग न बदललेली चालवूच नका. दुरुस्ती फुकट असते. रिकॉल बाकी असलेली जुनी गाडी विकायला डीलरला इथे कायद्याने बंदी नाही हे ऐकून मला अजून नवल वाटतं. चार्जर चोरांनाही फार आवडते, त्यामुळे आधी इन्शुरन्सचा कोट काढा, मग प्रेमात पडा.

पोलिसांच्या लिलावातली क्राऊन व्हिक घ्यायची हौस असेल तर मैलांवर जाऊ नका. ती तासन्‌तास नुसती चालू ठेवून उभी असते, आणि फोर्डचाच हिशोब आहे की एक तास आयडलिंग म्हणजे सुमारे ३३ मैल. शिवाय मागच्या चाकांवर चालणारी गाडी, स्नो टायर लागतातच. लागतातच म्हणजे लागतातच, ऑल-सीझन पुरतील असं सांगणारा बहुतेक टेक्सासमध्ये राहतो.

हे सगळं नंतर. आता जे मी प्रत्येकाला फोनवर ओरडून सांगते ते. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय एक डॉलर द्यायचा नाही. ओळखीच्याची असली तरी नाही, देवळात भेटलेल्या काकांची असली तरी नाही, कारफॅक्स, म्हणजे गाडीच्या इतिहासाचा रिपोर्ट, चकाचक असला तरी नाही. कारफॅक्सला गंज दिसत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल इथे रस्त्यावर मीठ पडतं, आणि मिठाला काय तोटा, डेट्रॉईट शहराच्या खालीच मिठाची खाण आहे. ते मीठ खालून ब्रेक लाइन, फ्युएल लाइन, रॉकर पॅनल (दारांखालची पट्टी) आणि सबफ्रेम (खालचा लोखंडी सांगाडा) खातं, वरून मात्र गाडी धुऊन पुसून लग्नातल्या नवरीसारखी उभी असते. आणि मिशिगनमध्ये दरवर्षीची सक्तीची तपासणी नाही, म्हणजे खाली भोकं पडलेली गाडी बिनबोभाट रस्त्यावर फिरत राहते आणि एक दिवस तुमच्या गळ्यात येते.

मागच्या हिवाळ्यात आमच्या ओळखीतल्या सांगलीच्या एका मुलाने अशीच मोठी सेडान घेतली. मैल कमी, सीट कोऱ्या, मालक गोड. मालक म्हणाला नुकतंच खालून अंडरकोटिंग करून घेतलंय, आणि हा खूश झाला. विकायच्या आधी खालून काळा ताजा थर मारलेला दिसला की खूश होऊ नका हो, तिथून पळा! तीन आठवड्यांत ब्रेकचं पेडल खाली गेलं, नशीब की पार्किंगमध्येच गेलं. गॅरेजवाल्याने लिफ्टवर घेतली, स्क्रूड्रायव्हरने सबफ्रेम टोचली तर स्क्रूड्रायव्हर आरपार. तो म्हणाला ही मी खाली उतरवून देतो पण चालवत नेऊ नकोस, टो बोलव. पहिल्या सेमिस्टरच्या फीसाठी जपून ठेवलेले पैसे त्यात गेले, आणि घरी अजून सांगितलेलं नाही. तपासणीला शंभर-दोनशे डॉलर लागले असते.

तपासणी तुमच्या मेकॅनिककडे, मालकाच्या किंवा डीलरच्या मेकॅनिककडे नाही. याला प्री-पर्चेस इन्स्पेक्शन म्हणतात, फोन करून हेच शब्द वापरा. विकणारा "वेळ नाही, दुसरा गिऱ्हाईक येतोय" म्हणाला तर येऊ दे त्याला. लिफ्टवर असताना स्वतः खाली उभे राहा, फोनचा टॉर्च लावा, मागच्या चाकांच्या पुढचा रॉकर पॅनलचा भाग बघा, ब्रेक लाइनवर खपल्या आहेत का बघा. छोटं चुंबक घेऊन जा, दारांच्या खालच्या कडेला जिथे चिकटत नाही तिथे पुटी भरलीये. आणि मुलींनो, मेकॅनिक उत्तर बाजूला उभ्या असलेल्या पुरुषाकडे बघून देतो, तो पुरुष कालच मुंबईहून आलेला का असेना. प्रश्न लिहून न्या आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच उभ्या राहा.

दक्षिणेतून आणलेली, फ्लोरिडाची गाडी असेल तर गंज नसतो हे खरं, पण मग पुराची भीती. गालिचा उचलून बघा, सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का बघा, स्पेअर टायरच्या खड्ड्यात बघा.

कोणाकडून घ्यावी? निवृत्त झालेली ऑटो कंपनीतली माणसं इथे गल्लोगल्ली आहेत, त्यांची गाडी बघायला आधी जा. ग्लव्ह बॉक्समध्ये पहिल्या दिवसापासूनच्या पावत्या असतात, गॅरेजमध्ये ठेवलेली असते, आणि किंमत "फर्म", म्हणजे कमी होणार नाही, असं लिहिलं असेल तर ते खरंच फर्म असतं, तिथे आपली तुळशीबागेतली घासाघीस करू नका, म्हातारा दार लावून घेतो. डीलरकडे गाडीच्या खिडकीवरचा बायर्स गाइड नावाचा कागद वाचा, "अ‍ॅज इज" (आहे तशी, वॉरंटी नाही) वर खूण असेल तर फाटकाबाहेर पडल्यावर जे होईल ते तुमचं. तीन दिवसांत परत करता येते ही अफवा आहे, डीलरच्या लॉटवरून घेतलेल्या गाडीला तसा फेडरल नियम नाही. किंमत विचारताना "आऊट द डोअर", म्हणजे सगळं धरून किती, ते विचारा, नाहीतर शेवटी कागदांवर फिया उगवतात. "नो क्रेडिट, नो प्रॉब्लेम" पाटीवाल्यांकडे जाऊच नका, तिथे प्रॉब्लेम व्याजात असतो. आणि इंडियाला परत चाललेल्या आपल्याच माणसाची "डोळे झाकून घ्या" गाडी, तिला डोळे उघडून दोनदा बघा. वाईट माणसं नसतात हो, पण आपण तेल वेळेवर बदलत नाही आणि ट्रान्समिशनचं तेल तर आयुष्यात नाही.

पैसे देताना टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, समोर पाहिजे, मालकाच्याच नावाचं, त्याच्या लायसन्सशी जुळणारं. सॅल्व्हेज (मोडीत काढलेली) किंवा रीबिल्ट (मोडीतून परत उभी केलेली) लिहिलेलं असेल तर नवीन माणसाने लांब राहावं. त्यावर बँकेचा लियन, म्हणजे कर्जाचा बोजा, असेल तर तो फिटल्याचा कागद हवा, "टायटल मेलने येतंय" हे चालणार नाही. सगळ्यात बरं म्हणजे मालकाला घेऊन सरळ सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसला जा, बाकी राज्यांत ज्याला डीएमव्ही म्हणतात तेच हे, आपल्याकडच्या आरटीओसारखं. अपॉइंटमेंट आधी घ्या आणि इन्शुरन्सचा कागद सोबत ठेवा. टायटल १५ दिवसांत नावावर करायचं असतं आणि ६ टक्के टॅक्स तिथेच भरायचा. टॅक्स वाचवायला कमी किंमत लिहू या असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा, व्हिसावर असताना सरकारी कागदावर खोटं लिहायची किंमत सहा टक्क्यांहून जास्त आहे. नंबर प्लेट मालक काढून घेतो, इथे प्लेट माणसाची असते, गाडीची नाही, त्यामुळे तो स्क्रू काढायला लागला तर भांडू नका.

इन्शुरन्स इथे महाग आहे, नवीन माणसाला तर जास्तच. तीन-चार कोट काढा, पीआयपीचा, म्हणजे अपघातानंतर उपचारांचा खर्च देणाऱ्या भागाचा, पर्याय निवडताना सगळ्यात स्वस्तावर बोट ठेवू नका, हॉस्पिटलची बिलं तुम्ही अजून बघितलेली नाहीत. इंडियातला ड्रायव्हिंगचा अनुभव काही कंपन्या धरतात, विचारा.

आणि दोन्ही किल्ल्या मागून घ्या. एकच दिली तर दुसरी चिपवाली किल्ली प्रोग्राम करून घ्यायला किती लागतात ते डीलरला फोन करून विचारा आणि तेवढे किंमतीतून कमी करा, ही घासाघीस म्हातारेसुद्धा मान्य करतात.