मधुमेहाची माहिती: आरोग्य केंद्रात कोणी काय सांगायचं

एकाच भेटीत आहार, गोळ्या, पाय, डोळे सगळं सांगितलं तर रुग्णाच्या लक्षात फार थोडं राहतं. कामं वाटून घ्या, एका भेटीला एकच विषय ठेवा.

निदान, औषध आणि उद्दिष्ट वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगावं: बहुतेकांना एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७ टक्क्यांखाली, थकलेल्या वृद्धांना थोडं सैल. गोळ्या परिचारिकेने पाकीट हातात घेऊन समजावाव्यात. मेटफॉर्मिन रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ, जुलाब वाढतात आणि रुग्ण परस्पर गोळी बंद करतो.

ग्लिमेपिराइड (साखर कमी करणारी गोळी) किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना साखर उतरल्याची लक्षणं आधी शिकवा: घाम, थरथर, गोंधळ. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरखाली गेली तर चहाच्या चमच्याने तीन चमचे साखर पाण्यात द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. उपवास करता का, हेही विचारा. करत असतील तर त्या दिवसाच्या औषधाची मात्रा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी.

आहाराचं बोलणं आशाताईंनी घरी करावं, स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीसमोर. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव डाळ-उसळ, पाव भाकरी किंवा भात. ‘ज्वारी चालते’ एवढंच सांगितलं की चार भाकऱ्या खाल्ल्या जातात!

‘समजलं का?’ विचारलं की ‘हो’च येतं. त्यापेक्षा ‘घरी कसं सांगाल?’ विचारा. चुकलं तर तेवढंच पुन्हा सांगा, आणि काय शिकवलं ते रुग्णाच्या कार्डावर तारखेसह लिहा. नाहीतर पुढचा सहकारी वेगळंच सांगतो.