चार पानांचा रेझ्युमे एका पानावर कसा आणावा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं भरतीचं काम पाहिलं. एका जागेसाठी अर्जांचा गठ्ठा यायचा आणि पहिल्या फेरीत एकेका कागदाच्या वाट्याला जेमतेम अर्धं मिनिट. कामाची माणसं केवळ कागदामुळे मागे पडलेली पाहिली आहेत. त्याची हळहळ अजून वाटते.

परवा दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारचा मुलगा रेझ्युमे दाखवायला आला. मेकॅनिकल डिप्लोमा, वाघोडियाला क्वालिटीत दोन वर्षं. कागद मात्र चार पानांचा. पहिल्या पानावर फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, उंचीसुद्धा! कामाबद्दलची पहिली ओळ दुसऱ्या पानाच्या तळाशी. हा लग्नाचा बायोडाटा झाला.

सुरुवात रेझ्युमेपासून करूच नका, जाहिरातीपासून करा. ती कागदावर छापून घ्या आणि मागितलेल्या प्रत्येक गोष्टीखाली रेघ मारा. उदाहरणार्थ, व्हर्नियर, मायक्रोमीटर ही मापाची साधनं, ड्रॉइंग वाचता येणं, गुणवत्तेच्या आयएसओ 9001 मानकाचं ऑडिट. यांतलं जे तुम्हाला खरोखर येतं, ते जाहिरातीतल्याच शब्दांत लिहा. पोर्टलवर अर्ज केला की बऱ्याचदा संगणक हेच शब्द शोधतो.

मग काटछाट. धर्म, वैवाहिक स्थिती, छंद, शेवटचं 'वरील माहिती सत्य आहे' हे प्रतिज्ञापत्र, सगळं काढा. 'नामांकित संस्थेत माझ्या गुणांचा विकास' हे ऑब्जेक्टिव्हही काढा. त्या जागी दोन ओळींत सांगा, तुम्ही कोण, किती वर्षांचा अनुभव, हातात कोणतं काम आहे. नाव, फोन, ईमेल आणि गाव यांच्या लगेच खाली.

खरी मेहनत अनुभवाच्या भागावर घ्या. सध्याची नोकरी सर्वांत वर, जुन्या खाली. त्या मुलाने लिहिलं होतं, 'क्वालिटी विभागातील सर्व कामे सांभाळली.' मी विचारलं, "रोज नक्की काय करतोस रे?"

"तीन सीएनसी लेथवरचे शाफ्ट तपासतो, काका. पाळीला दोनशेच्या आसपास."

"आणि माप चुकलं तर?"

तेव्हा त्याने सांगितलं, की इन्सर्ट, म्हणजे लेथवरचं धातू कापणारं बदलतं पातं, झिजला की शाफ्टचा व्यास वाढत जातो. म्हणून किती नगांनंतर इन्सर्ट बदलायचा, हे त्याने ऑपरेटरबरोबर बसून ठरवलं आणि नापास माल कमी झाला. एवढं मोठं काम, आणि चार पानांत त्याचा पत्ताच नाही! मग त्याच्याकडूनच ओळ लिहून घेतली: 'तीन सीएनसी लेथवरील शाफ्टची तपासणी, पाळीला सुमारे 200 नग. इन्सर्ट बदलण्याचा टप्पा ठरवून व्यासातील दोष कमी केला.' किती टक्के कमी झाला ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून टक्के घातले नाहीत. ठोकून दिलेला आकडा मुलाखतीत हमखास पकडला जातो.

नुकतेच शिकून बाहेर पडला असाल तर अनुभवाच्या जागी प्रोजेक्ट आणि ट्रेनिंग, त्यात तुमच्या वाट्याचं काम. बडोद्यात 'कलाभवनात शिकलो' म्हटलं की पुरतं, ती सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंगची फॅकल्टी हे सगळ्यांना ठाऊक; चाकणच्या माणसाला ते कळणार नाही. विद्यापीठाचं आणि फॅकल्टीचं पूर्ण नाव लिहा.

भाषांची ओळ ठेवा. आपली बडोद्याची मराठी मुलं तिथे इंग्रजी, हिंदी, गुजराती लिहितात आणि मराठी गाळतात, याचं मला वाईट वाटतं. पुण्याच्या सप्लायरशी मराठीत आणि इथल्या वर्कशॉपशी गुजरातीत बोलणारा माणूस खरेदी किंवा सर्व्हिसच्या कामात फार उपयोगी पडतो.

मांडणी साधी असू द्या. ए-4चं एक पान, अक्षर 10 ते 11 पॉइंट, तक्ते आणि रंगीत पट्ट्या नकोत. दहा-बारा वर्षांपेक्षा जास्त अनुभव असेल तर दोन पानं चालतील. पीडीएफ करा आणि फाइलला स्वतःचं नाव व पद द्या.

पाठवण्याआधी कागदावरचा फोन नंबर घरातल्या कुणाला तरी बघून लावायला सांगा. एकदा आम्हाला हवा तसा फिटर अर्जात सापडला होता, पण नंबरात नऊच आकडे होते. ईमेल केला, त्याचं उत्तर पाच दिवसांनी आलं. तोवर जागा भरली होती.